भट्टी न पेटवता

अठ्ठावीस वर्षं अंबडला
मी लोखंड तापवत होतो.
आठशे साठवर लाल, मग तेलात बुडी,
मग पुन्हा थोडी ऊब, तडकू नये म्हणून.
नोंदवहीत वेळ, तापमान, सही: र. भा. खैरनार.

आता ओट्याशी उभा आहे
आणि पोरगी म्हणते, पप्पा, गॅस लावायचाच नाही.
लावायचाच नाही?
नाही. दळा, मळा, दाबा, फ्रीजमध्ये ठेवा.

शर्वरी होडी वल्हवते.
गंगापूर रोडच्या मागे, नदी जिथे बंधाऱ्यापाशी
जरा पोट फुगवून थांबते,
तिथे, पहाटे साडेपाचला.
दोन हजार मीटर, उलट्या तोंडाने:
जिकडे जायचं तिकडे पाठ.
मला हे अजून पटलेलं नाही.

सर म्हणाले, सरावानंतर अर्ध्या तासात
प्रोटीन पोटात गेलं पाहिजे.
दुकानातल्या एका बारला एकशेवीस रुपये.
वेष्टन उलटून वाचलं, भिंग घेऊन:
शेंगदाणे, खजूर, आणि पुढे
आमच्या कंपनीच्या स्टोअरची यादी.

तेव्हा रविवार कारंजावर ओसवालांकडे गेलो.
फुटाणे अर्धा किलो, सालं काढलेले.
शेंगदाणे. जवस. बिनबियांचा खजूर.
बेदाणे मात्र पिंपळगावच्या साडूचे,
हिरवट, लांबट, देठासकट.
देठ काढता काढता एक बातमीपत्र संपलं.

पहिली खेप अंदाजाने, वाटी-वाटीने.
डबा उपडा केला तर वडी नाही, वाळू.
शर्वरीने चमच्याने खाल्ली. काही बोलली नाही.
विजू सिव्हिलमधून रात्रपाळी करून आली,
चप्पल काढता काढता म्हणाली,
"सुंठवडा? आज कुणाचा जन्म?"

दुसरी खेप वजनकाट्यावर.
नोंदवही काढली, जुनीच; मागची पानं कोरी होती.
फुटाण्याचं पीठ २००. कूट १००, जाडसर.
खजूर १८०, पंधरा मिनिटं भिजवून.
शेरा: बोटाला लागतं, बोटाबरोबर येत नाही.

तिसरीला खजूर वाढवला, चमचाभर मध,
चिमूटभर मीठ,
आणि तिच्या डब्यातली पांढरी पूड एक माप.
व्हॅनिलाचा वास सुटला
नि मिश्रण एकदम रुसलं, कोरडं पडलं.
दूध शिंपडलं. चमचा चमचा. मानलं.

दाबायचं काम माझं.
माझ्या बोटांची टोकं मेलेली आहेत,
तापलं पातेलं सांडशीशिवाय उतरवतो,
विजू ओरडते.
म्हणून नीट बसलं का, हे मला कळत नाही.
शर्वरी शेजारी येते, तळवा ठेवते,
"इथे पोकळ आहे, पप्पा. इथे दाबा."
तिच्या तळव्यावर चार फोड,
वल्ह्याचे, ओळीने, एक फुटलेला.
मीठ झोंबलं असेल.
तिने हात मागे घेतला नाही.
मीही विचारलं नाही.

मग वाटीच्या बुडाने, वजन देऊन, कोपऱ्यापर्यंत.
मग फ्रीज. दोन तास.

हे दोन तास कठीण.
भट्टीला झरोका होता, आत बघता यायचं,
रंगावरून ओळखायचो, झालं की नाही.
इथे दार उघडलं की दिवा लागतो
आणि डबा तसाच, तपकिरी, गप्प.
तीनदा उघडलं. विजू म्हणाली,
"लाइट बिल तुमच्या पेन्शनमधून."

बारा वड्या. सुरी पाण्यात बुडवून कापल्या.
एक वाकवून बघितली: वाकली, मग तुटली.
वहीत कडकपणाच्या रकान्यात काय लिहावं?
"दाताला चालेल."

पहाटे बंधाऱ्यावर धुकं.
ती उलट्या तोंडाने निघाली, म्हणजे
माझ्याकडे बघत,
लांब लांब जात.
माझ्या खिशात बटर पेपरात दोन वड्या.
एक तिची.
दुसरीतला बेदाणा मी आधीच टोकरून खाल्ला होता.
देठ राहिला होता त्याला.